सर्व्हरची धोक्याची पातळी

पावसाळ्यात सांगलीतील माणसे सकाळी उठली की एकमेकांना पहिला प्रश्न विचारतात, “आयर्विनला किती झालं?” १९२९ साली खुल्या झालेल्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी फुटांत मोजली जाते. ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोक्याची पातळी. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात हा आकडा ५७ फुटांच्या पुढे गेला होता. सांगलीकराला हा एक आकडा सांगितला की पुढचे तो स्वतःच ठरवतो. सामान माळ्यावर चढवायचे, जनावरे हलवायची, की अजून एक दिवस वाट पाहायची?

पूर केवळ नदीलाच येतो असे नाही. आपण मोबाइलवर जी संकेतस्थळे उघडतो, ती ज्या यंत्रांवर ठेवलेली असतात त्यांनाही पूर येतो. त्या यंत्रांना ‘सर्व्हर’ म्हणतात. त्यांचीही एक पातळी असते, ती वाढते, आणि ती वेळेवर मोजली नाही तर सर्व काही ठप्प होते. ही पातळी कोणती, ती कशी मोजतात आणि मोजून काय करतात, हे या लेखात पाहू या.

निकालाचा दिवस

विद्यार्थी मित्रांनो, या पुराचे उत्तम उदाहरण तुमच्याच जीवनातले आहे. सातारा, सांगली आणि कोल्हापूर हे तीन जिल्हे मिळून परीक्षा मंडळाचा कोल्हापूर विभाग होतो. एकट्या या विभागातून दरवर्षी एक लाखाहून अधिक मुले दहावीला बसतात. राज्याचा विचार केला तर हा आकडा पंधरा-सोळा लाखांच्या घरात जातो. निकालाची वेळ आधी जाहीर होते आणि त्या क्षणी ही सारी मुले एकाच वेळी संकेतस्थळ उघडू पाहतात.

२०२१ साली कोविडमुळे दहावीची परीक्षा झाली नाही. अंतर्गत मूल्यमापनावरून निकाल लावण्यात आला. तो १६ जुलै २०२१ रोजी दुपारी १ वाजता जाहीर झाला. विद्यार्थी सुमारे पावणेसोळा लाख होते. परंतु निकालाची संकेतस्थळे कोलमडली आणि मुलांना कित्येक तास आपले गुण पाहता आले नाहीत. निकाल तयार होता, मुले वाट पाहत होती, फक्त मधली वाट बंद पडली होती.

थोडे गणित करू. पावणेसोळा लाख म्हणजे १५,७५,००० विद्यार्थी. ते दिवसभरात सारखे विभागून आले असते, तर दिवसाच्या ८६,४०० सेकंदांनी भागून दर सेकंदाला सुमारे १८ जण आले असते. हे काम लहानसा सर्व्हरही करू शकेल. पण सगळे पहिल्या दहा मिनिटांतच आले तर? दहा मिनिटे म्हणजे ६०० सेकंद. १५,७५,००० भागिले ६०० म्हणजे सेकंदाला २,६२५ जण! त्यातच प्रत्येकाच्या घरून आई, काका आणि मावशी यांनीही आपापल्या फोनवर प्रयत्न केला, तर हा आकडा चौपट होईल. विद्यार्थी तेवढेच, दिवसही तोच. पण दिवसाची सरासरी १८ सांगते आणि प्रत्यक्ष लोंढा काही हजारांचा असतो. म्हणून सर्व्हरची क्षमता ठरविताना सरासरीवर विसंबून चालत नाही. नदीकाठच्या घराचे जोतेसुद्धा वर्षभराची सरासरी पातळी पाहून कोणी बांधीत नाही.

मेमरी म्हणजे काय?

सर्व्हर हा तुमच्या शाळेतील संगणकाचाच मोठा भाऊ. त्याला प्रोसेसर असतो, डिस्क असते आणि मेमरी असते. डिस्क म्हणजे कपाट. सर्व विद्यार्थ्यांचे गुण या कपाटात कायमचे ठेवलेले असतात. मेमरी म्हणजे कामाचे टेबल. तुम्ही आसन क्रमांक टाकून बटण दाबले की सर्व्हरकडे एक ‘विनंती’ जाते. सर्व्हर त्या विनंतीसाठी टेबलावर थोडी जागा करतो, कपाटातून तुमचे गुण काढतो, पान तयार करतो, ते तुमच्याकडे पाठवितो आणि टेबलावरील जागा पुन्हा मोकळी करतो.

टेबलाचा आकार ठरलेला असतो. मेमरी ‘जीबी’ या एककात मोजतात. १ जीबी म्हणजे सुमारे १,००० एमबी. समजा, एका सर्व्हरला ८ जीबी मेमरी आहे. त्यांपैकी २ जीबी यंत्राच्या स्वतःच्या कारभाराला लागते आणि ६ जीबी विनंत्यांसाठी उरते. एका विनंतीला २० एमबी जागा लागते असे धरू. तर एका वेळी या टेबलावर ३०० विनंत्या मावतील. हा ३०० चा आकडा लक्षात ठेवा.

लिटलचा नियम

आता प्रश्न असा की, एका वेळी टेबलावर किती विनंत्या असतील? याचे उत्तर देणारा एक फार सोपा नियम आहे. जॉन लिटल या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९६१ साली त्याची सिद्धता दिली. नियम असा :

आत असलेल्यांची संख्या = दर सेकंदाची आवक × प्रत्येकाचा आतला मुक्काम

दवाखान्यात दर तासाला १० रोगी येतात आणि प्रत्येक जण अर्धा तास आत असतो, तर कोणत्याही वेळी सरासरीने ५ रोगी आत सापडतील. नियम इतका साधा आहे.

आपल्या सर्व्हरवर दर सेकंदाला २०० विनंत्या येतात आणि प्रत्येकीचे काम पाव सेकंदात होते असे समजा. २०० × ०.२५ = ५०. म्हणजे टेबलावर एका वेळी ५० विनंत्या. त्यांना मेमरी लागेल ५० × २० = १,००० एमबी, म्हणजे १ जीबी. मोकळी जागा ६ जीबी असल्याने सर्व्हर आरामात आहे.

आता समजा, काही कारणाने गुणांच्या कपाटातून उत्तर यायला वेळ लागू लागला आणि प्रत्येक विनंतीचा मुक्काम पाव सेकंदावरून ४ सेकंदांवर गेला. येणाऱ्यांची संख्या मुळीच वाढलेली नाही, ती सेकंदाला २०० च आहे. तरी २०० × ४ = ८००. आणि ८०० विनंत्यांना लागणारी मेमरी १६ जीबी! आपल्याकडे आहेत फक्त ६.

येथे एक महत्त्वाची गोष्ट दिसते. मेमरी भरली म्हणजे गर्दीच वाढली असली पाहिजे, असे नाही. गर्दी तेवढीच राहून मुक्काम वाढला तरी मेमरी भरते. म्हणून केवळ मेमरीचा आकडा पाहून कारण कळत नाही. आवक, मुक्काम आणि आत असलेल्यांची संख्या या तिन्ही गोष्टी मोजाव्या लागतात. आपल्या सर्व्हरपुरते बोलायचे, तर ३०० भागिले २०० म्हणजे दीड सेकंद. मुक्काम दीड सेकंदावर पोचला की टेबल भरले! हीच या सर्व्हरची धोक्याची पातळी होय.

प्रयोग : भोकाचा डबा

मेमरी भरल्यानंतर काय होते, हे समजण्यासाठी एक प्रयोग करा. पाच लिटरचा रिकामा प्लॅस्टिकचा डबा घ्या. त्याचे तोंड कापून मोठे करा. बुडाजवळ सुमारे ४ मिलिमीटर व्यासाचे एक भोक पाडा. हे काम मोठ्यांच्या मदतीने करावे. डब्याला बाहेरून सेंटिमीटरची कागदी पट्टी चिकटवा आणि डबा नळाखाली ठेवा.

नळ अगदी थोडा सोडा. पाणी चढू लागेल, पण थोड्या वेळाने एका उंचीवर थांबेल. नळ चालू आहे, भोकातून पाणी जात आहे, तरी पातळी स्थिर! आता नळ किंचित अधिक सोडा. पातळी पुन्हा चढेल आणि वरच्या एका खुणेवर थांबेल.

असे का होते? भोकातून पाणी किती वेगाने बाहेर पडेल, हे वरील पाण्याच्या उंचीवर अवलंबून असते. सतराव्या शतकात टॉरिसेली या इटालियन शास्त्रज्ञाने हा नियम सांगितला. वेग उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. पाण्याची उंची १० सेंटिमीटर असेल तर वेग सेकंदाला सुमारे १.४ मीटर आणि ४० सेंटिमीटर असेल तर २.८ मीटर. उंची चौपट, वेग दुप्पट. म्हणजे पाणी चढले की विसर्ग आपोआप वाढतो. विसर्ग आवकेइतका झाला की पातळी थांबते. डबा स्वतःच स्वतःला सावरतो.

आता प्रयोगाचा दुसरा भाग. नळ तेवढाच ठेवा. मात्र पाणी दोन-दोन सेंटिमीटर चढले की भोकावर बोट थोडे थोडे सरकवून ते अधिकाधिक झाका. आता पातळी कोठेच थांबत नाही. उलट ती जितकी चढते तितकी आणखी वेगाने चढते आणि शेवटी डबा भरून वाहतो.

मेमरी भरत आलेला सर्व्हर या दुसऱ्या डब्यासारखा वागतो.

बुडत्याचा पाय खोलात

मेमरी संपत आली की सर्व्हर एक युक्ती करतो. टेबलावरील काही कागद उचलून तो तात्पुरते कपाटात, म्हणजे डिस्कवर ठेवतो. लागले की पुन्हा काढतो. या अदलाबदलीला ‘स्वॅप’ म्हणतात. युक्ती चांगली आहे, पण तिची किंमत मोठी आहे. मेमरीतील गोष्ट मिळायला साधारण १०० नॅनोसेकंद लागतात. आजच्या वेगवान, फिरते भाग नसलेल्या डिस्कवरून ती मिळायला सुमारे १०० मायक्रोसेकंद, म्हणजे हजारपट वेळ लागतो. जुन्या पद्धतीच्या फिरत्या तबकडीच्या डिस्कला सुमारे १० मिलिसेकंद, म्हणजे लाखपट! मेमरीचे काम एका सेकंदाचे मानले तर पहिल्या डिस्कला सुमारे १७ मिनिटे आणि दुसरीला सुमारे २८ तास लागतील.

आता साखळी पाहा. मेमरी भरली म्हणून सर्व्हरने कागद कपाटात ठेवले. त्यामुळे प्रत्येक काम मंदावले. काम मंदावले म्हणून मुक्काम वाढला. मुक्काम वाढला म्हणून, लिटलच्या नियमाने, आत असलेल्यांची संख्या वाढली. संख्या वाढली म्हणून मेमरी आणखी भरली. भोक बुजत चालले! मराठीत आपण म्हणतो, ‘बुडत्याचा पाय खोलात’. सर्व्हरचे नेमके तेच होते.

ही साखळी शेवटाला गेली की यंत्र नवे काम करीतच नाही. सारा वेळ कागद कपाटात ठेवण्यात आणि काढण्यात जातो. बऱ्याच सर्व्हरवर लिनक्स ही कार्यप्रणाली असते. मेमरी पूर्ण संपली तर लिनक्स शेवटचा उपाय म्हणून चालू असलेला एखादा मोठा कार्यक्रम स्वतःच बंद पाडते आणि जागा मिळविते. पण तो कार्यक्रम निकाल दाखविणाराच असेल, तर संकेतस्थळ गेलेच म्हणून समजा.

पहिल्या डब्याला कोणी पहारेकरी नसला तरी चालते. दुसऱ्याला मात्र तो लागतोच आणि त्याला डबा भरण्याच्या आधी जागे व्हावे लागते. सर्व्हरची मेमरी सतत मोजत राहण्याचे खरे कारण हे आहे.

भरलेले धरण म्हणजे धोका नव्हे

मोजायचे म्हणजे नेमके काय मोजायचे? नवशिका मनुष्य प्रथम ‘किती मेमरी रिकामी आहे’ हा आकडा पाहतो आणि तो लहान दिसला की घाबरतो. येथे साताऱ्यातील कोयना धरणाची आठवण ठेवावी. पाटण तालुक्यातील या धरणाची साठवण क्षमता १०५.२५ टीएमसी आहे. पावसाळा संपताना हे धरण काठोकाठ भरले तर कोणी घाबरत नाही, सर्वांना आनंदच होतो. पाणी साठविण्यासाठीच तर धरण बांधले. मात्र तेच धरण ऐन पावसाळ्यात लवकर भरले आणि वरून जोराची आवक चालू असली, तर काळजी करावी लागते.

सर्व्हरचे असेच आहे. जी मेमरी कामात नसते तिच्यात लिनक्स वारंवार लागणाऱ्या गोष्टींच्या प्रती ठेवून देते, म्हणजे त्या कपाटातून पुन्हा काढाव्या लागत नाहीत. अशी जागा भरलेली दिसली तरी गरज पडताच मोकळी करता येते. म्हणून लिनक्समध्ये ‘रिकामी’ आणि ‘उपलब्ध’ असे दोन वेगळे आकडे दाखवितात. ‘उपलब्ध’ म्हणजे गरज पडल्यास मिळू शकेल अशी एकूण जागा. हा स्वतंत्र आकडा लिनक्सच्या गाभ्यात २०१४ साली आला. पाहायचा तो हाच.

पण नुसती पातळी पुरत नाही, तिची गतीही पाहावी लागते. धरणाचे गणित करा. टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. क्युसेक म्हणजे दर सेकंदाला एक घनफूट. एखाद्या धरणात आवक ५०,००० क्युसेक आणि विसर्ग १५,००० क्युसेक असेल, तर दर सेकंदाला ३५,००० घनफूट पाणी साठते. गुणिले ८६,४०० सेकंद, म्हणजे दिवसाला सुमारे ३ टीएमसी. धरणात ६ टीएमसी जागा उरली असेल तर हाती दोन दिवस आहेत.

आता दोन नद्यांची तुलना करा. एकीची पातळी ४० फूट आहे आणि ती तासाला १ फूट चढते आहे. दुसरीची पातळी ३८ फूटच आहे, पण ती तासाला २ फूट चढते आहे. ४५ फुटांवर आधी कोण पोचेल? पहिलीला ५ तास लागतील, दुसरीला साडेतीन. पातळी कमी असलेली नदीच अधिक धोक्याची ठरली! सर्व्हर सांभाळणारे जाणकारही म्हणून ‘मेमरी किती टक्के भरली’ यापेक्षा ‘या गतीने किती वेळात भरेल’ हे पाहतात.

सरासरी कशी फसविते?

दुसरे मोजमाप म्हणजे उत्तर यायला लागणारा वेळ. येथे तुमच्या दहावीच्या सांख्यिकीचा उपयोग होतो. समजा, दहा विनंत्यांपैकी नऊंना ०.२ सेकंद लागले आणि एकीला १२ सेकंद. मध्य काढा. बेरीज १३.८, भागिले १०, म्हणजे १.३८ सेकंद. मध्यक काढा, तो येतो ०.२ सेकंद. मध्यक म्हणतो सर्व ठीक आहे. मध्य म्हणतो थोडी दिरंगाई आहे. पण १२ सेकंद पडद्याकडे पाहत बसलेल्या त्या एका मुलाबद्दल दोघेही गप्प!

म्हणून शंभर विनंत्यांचे वेळ चढत्या क्रमाने मांडून त्यांतील पंचाण्णवावा वेळ पाहण्याची पद्धत आहे. तो वाढू लागला की समजावे, आत कोठेतरी तुंबले आहे. बहुधा मेमरी भरण्याच्या आधीच हा आकडा हलतो. लिटलच्या नियमाप्रमाणे मुक्काम वाढणे हेच भरण्याचे कारण असल्याने यात नवल नाही.

सूक्ष्म गळती

काही सर्व्हर गर्दी नसतानाही हळूहळू भरत जातात. कार्यक्रम लिहिणाऱ्याकडून एखाद्या ठिकाणी काम झाल्यावर जागा मोकळी करण्याची सूचना राहून गेलेली असते. दर विनंतीमागे थोडीशी जागा अडकून पडते. हिला ‘मेमरीची गळती’ म्हणतात.

ही गळती एका दिवसाच्या नोंदीतून दिसत नाही, कारण दिवसा गर्दीमुळे पातळी वर-खाली होतच असते. ती पकडण्याची युक्ती अशी : रोज पहाटे ३ वाजता, गर्दी नसताना, मेमरी किती वापरात आहे ते लिहून ठेवावे. समजा, सोमवारी २.० जीबी, मंगळवारी २.३, बुधवारी २.६ आणि गुरुवारी २.९ अशी नोंद मिळाली. आलेखावर हे बिंदू एका चढत्या रेषेत येतील. रोजची वाढ ०.३ जीबी. ८ जीबी भरायला गुरुवारपासून ५.१ भागिले ०.३, म्हणजे १७ दिवस! निकाल जर विसाव्या दिवशी असेल, तर संकट आजच वहीत लिहून ठेवलेले आहे. फक्त वाचणारा हवा. नियमित नोंदीचे मोल हे असे असते.

नोंदी किती अंतराने घ्याव्यात? दर पाच मिनिटांनी घेतल्या तर मधला अर्ध्या मिनिटाचा लोंढा दिसणारच नाही. दर क्षणाला घेतल्या तर मोजण्याचेच ओझे सर्व्हरवर पडेल. म्हणून एरवी सावकाश आणि गर्दीच्या दिवशी जवळजवळ नोंदी घेतात. पुरात नदीची पातळीही अशीच वरचेवर पाहिली जाते. कृष्णा आणि भीमा खोऱ्यांत आता पाऊस आणि पाणीपातळी यांची वाचने आपोआप पाठविणारी केंद्रे बसविलेली आहेत.

दरवाजे उघडणारा कोण?

नदी आणि सर्व्हर यांच्यात एक मोठा फरक आहे. कोयनेचे पाणी कऱ्हाडला कृष्णेला मिळते आणि तेथून सांगलीकडे येते. तो वेळ तासांमध्ये मोजण्याइतका असतो. सर्व्हरला इतका वेळ मिळत नाही. आपल्या उदाहरणात टेबलावर ५० विनंत्या आहेत आणि आणखी २५० मावतील. गुणांचे कपाट एकदम अडकले आणि उत्तरे जाणे थांबले, तर सेकंदाला २०० या आवकेने टेबल केवळ सव्वा सेकंदात भरेल. कोणी धावत जाऊन बटण दाबील म्हणाल तर अशक्य!

म्हणून कामाची दोन भागांत वाटणी करतात. दिवसांच्या गतीने होणारे बदल, म्हणजे गळती, वाढती गर्दी आणि अपुरे यंत्र, हे माणसाने नोंदी वाचून ओळखावेत. सेकंदांच्या गतीने होणारे बदल यंत्राने स्वतः रोखावेत. त्यासाठीचे मुख्य उपाय असे :

१. प्रवेशावर मर्यादा. ३०० मावतात, तर एका वेळी २५० पेक्षा जास्त आत घ्यायचे नाहीत. बाकीच्यांना ‘थोड्या वेळाने या’ असे तत्काळ सांगायचे. सातारा स्टँडवर एसटीचा वाहक गाडी भरली की दार लावतो आणि “मागून गाडी आहे” म्हणतो, तसेच हे. जास्त माणसे कोंबून गाडी खंबाटकी घाटात बंद पडण्यापेक्षा काहींनी पुढच्या गाडीची वाट पाहिलेली बरी.

२. तयार पाने. प्रत्येकाच्या गुणांचे पान विनंती आल्यावर न बनविता आधीच तयार करून ठेवायचे. मग मुक्काम पाव सेकंदाचा काही मिलिसेकंदांवर येतो. मुक्काम घटला की मेमरीही घटते, हे लिटलने सांगितलेच आहे.

३. अनेक वाटा. एकाच सर्व्हरऐवजी अनेक सर्व्हरांवर लोंढा विभागायचा. आता दहावीचा निकाल एकापेक्षा अधिक संकेतस्थळांवर आणि डिजिलॉकरवरही मिळतो, त्यामागील तत्त्व हेच.

४. रंगीत तालीम. निकालाच्या आधी खोट्या विनंत्या सोडून सर्व्हर किती सोसतो ते पाहायचे. आपल्या गणितातील ‘दीड सेकंद’ किंवा ‘३००’ हे आकडे प्रत्यक्षात या तालमीतूनच कळतात.

आणि आपण?

या सर्व प्रकारात पडद्यासमोर बसलेल्या विद्यार्थ्याचाही वाटा असतो. पान उघडत नाही म्हणून आपण पुन्हा पुन्हा बटण दाबतो. आपल्याला वाटते, आपण तीच विनंती जरा जोराने करीत आहोत. सर्व्हरला मात्र प्रत्येक दाबणे ही नवी विनंती असते. पुष्कळदा जुनीचे काम आत चालूच असते, तोवर दुसरी येऊन टेबलावर बसते. हजारो जण असे करू लागले की आवक दुप्पट, तिप्पट होते, तीही सर्व्हर मंदावलेला असताना! म्हणजे डब्यात पाणी चढत असताना आपण नळही अधिक सोडतो.

चांगले मोबाइल ॲप यासाठी एक शिस्त पाळते. पहिला प्रयत्न फसला तर ५ सेकंद थांबते, दुसरा फसला तर १०, मग २०, मग ४०. दर वेळी थांबण्याचा काळ दुप्पट. आपणही निकालाच्या दिवशी ही शिस्त पाळली, तर आपला निकाल फार उशिरा मिळत नाही आणि चाफळच्या किंवा जतच्या कमी वेगाच्या फोनवर वाट पाहणाऱ्या मुलालाही वाट मोकळी होते. निकालापेक्षाही महत्त्वाचा प्रसंग पुराचा. पाणी चढत असताना सारा जिल्हा एकाच वेळी पातळी पाहू लागतो. त्या वेळी पान उघडणे किंवा न उघडणे यावर एखाद्या घराचे निर्णय अवलंबून असतात. सर्व्हरची पातळी मोजणे हे तेव्हा नदीची पातळी मोजण्याइतकेच जबाबदारीचे काम ठरते.

स्वाध्याय

१. एका सर्व्हरवर सेकंदाला १२० विनंत्या येतात. प्रत्येकीचा मुक्काम अर्धा सेकंद आहे आणि प्रत्येकीला १५ एमबी मेमरी लागते. एका वेळी एकूण किती मेमरी लागेल? मुक्काम ३ सेकंद झाला तर किती?

२. भोकाच्या डब्यात नळाची आवक दुप्पट केली तर स्थिर पातळी किती पट उंच होईल? आधी गणिताने काढा, मग प्रयोगाने पडताळा. फरक आला तर त्याची कारणे लिहा.

३. शाळेच्या संगणककक्षात एका संगणकावर ‘टास्क मॅनेजर’ उघडून दर दहा मिनिटांनी वापरातील मेमरीची नोंद घ्या. त्या वेळी कोणते कार्यक्रम चालू होते तेही लिहा. दोन तासांच्या नोंदींचा आलेख काढा. सर्व कार्यक्रम बंद केल्यावर पातळी मूळ जागी येते का, ते पाहा. येत नसल्यास का, याची शिक्षकांशी चर्चा करा.

(पहिल्या प्रश्नाची उत्तरे : ९०० एमबी; ५,४०० एमबी. दुसऱ्याचे : चौपट.)